ताईसाठी मोठी अक्षरे

उन्हाने निःशब्द झालेल्या पनवेलच्या दुपारी आमच्या खोलीत एकच स्वर घुमत असे: टेलिफोनच्या तारेवरून दूरच्या जगाला साद घालणाऱ्या मोडेमचा कर्कश, काहीसा आर्त स्वर! नव्वदचे दशक सरत आले होते, आणि माझ्या शुभाताईची दृष्टीही.

कॉलेजात इंग्रजी शिकवणारी ताई व्याकरणाचे पुस्तक संगणकावर लिहीत होती. ती ज्यात लिही, तो प्रोग्राम मुक्त होता. त्याचा कोड कोणीही वाचावा, सुधारणा पाठवावी, आणि तो सांभाळणाऱ्या कॅनडातल्या गृहस्थांना पटली तरच ती मूळ प्रोग्राममध्ये जावी. ताईसाठी मी त्यात काळ्या पटावर भलीमोठी पिवळी अक्षरे आणली. परंतु प्रत्येक नव्या आवृत्तीत माझे काम पुसले जाई. म्हणून ते मूळ प्रोग्राममध्येच जावे, या आशेने मी पाठवले; सोबत मला खटकलेले मेनू आणि मांडणीही उत्साहाने बदलून!

उत्तर आले: एवढे बदल एकत्र, आणि कशासाठी ते कळत नाही; स्वीकारता येणार नाही.

"काय म्हणतात गं?" ताईने विचारले.

"नाही म्हणतात. नीट वाचलंच नसणार."

"तू कारण लिहिलं होतंस?"

"कोड वाचला की कळतं, ताई."

"अगं, त्यांना चांगलं दिसतं. त्यांना कसं कळणार?"

मी पाठवलेले बदल पुन्हा उघडले. परक्याच्या हाती आपली कृती सोपवायची, तर पुढे ती त्यालाच निगुतीने सांभाळायची असते, हे मनात का आले नव्हते? बाकीचे सारे बदल काढून टाकले. उरली केवळ अक्षरे. त्यांच्याच पद्धतीने कोड मांडला, पुनःपुन्हा तपासला, आणि आरंभी लिहिले: माझ्या बहिणीला लहान अक्षरे आता दिसत नाहीत. त्यांनी दोन चुका दाखवल्या, त्या सुधारल्या. मग एका ओळीचे उत्तर आले: घेतले, आभार.

नवी आवृत्ती आमच्याकडे पोहोचली, तोवर ताईला सर्वांत मोठे अक्षरही केवळ पिवळा धूसर डाग झाले होते. किती उशिरा पोहोचते कधीकधी आपले प्रेम!

काही महिन्यांनी एका अनोळखी परदेशी बाईंची ईमेल आली. त्यांचे वृद्ध वडील त्या अक्षरांमुळे पुन्हा लिहू लागले होते. मी ती ताईला वाचून दाखवली. तिने माझ्या आवाजाच्या दिशेने चेहरा केला.

"परत वाच," ती म्हणाली.

मी वाचली.

"त्यांना कळव, फार बरं वाटलं म्हणून. आणि मग व्याकरणाचा धडा उघड. मी सांगते, तू टाइप कर."