अंकलच्या हातचं ओके

अंकल आधी टोपी काढायचे. चेनपुलीला लोखंडी ठोकळे टांगलेले असायचे, साखळी ताणली जाऊन करकरत असायची, आणि हा माणूस टोपी छातीशी धरून सरळ त्या वजनाच्या खाली जाऊन उभा राहायचा. तोंड वर, ओठ पुटपुटत. एक 'नमो मरिया'ची प्रार्थना म्हणून होईपर्यंत तिथून हलायचा नाही. मग बाहेर यायचं, टोपी घालायची, खिशातून खडू काढायचा आणि चेनपुलीच्या अंगावर दोन इंग्रजी अक्षरं काढायची. "झाली ओके. न्या आता."

मुलुंडला आग्रा रोडच्या कडेला आमचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, पत्र्याची एक लांबलचक शेड. तिथं चेनपुल्या बनायच्या. जड यंत्रं उचलायला वर तुळईला टांगतात ती कप्पी आणि साखळी, तुम्हीही कुठल्यातरी गॅरेजात पाहिली असेल. मी स्टोअरला होतो, घाटकोपरहून यायचो. अंकल मुलुंडच्याच जुन्या गावठाणातले, ख्रिस्ती, घरीदारी मराठीच बोलणारे. तपासणीचं काम त्यांच्याकडे. त्यांचं नाव ऐकून तुम्हाला काय करायचंय, आम्हा सगळ्यांचे ते अंकलच.

पहिल्यांदा ते वजनाखाली गेलेले पाहिले तेव्हा मी धावत गेलो. म्हटलं, अंकल, हे कसले धंदे? साखळी तुटली तर चटणी होईल तुमची. ते म्हणाले, "माझी झाली तर एकाची होईल रे. नंतर तुटली तर कुणाकुणाची होईल, त्याचा पत्ता तरी लागेल का मला?"

माणूस साधाबिधा मुळीच नव्हता. चांगला बढाईखोर होता. स्वतःच्या अक्षराचा तर त्यांना भलताच गर्व. ओ अगदी वाटोळा, आणि के चा खालचा पाय असा लांब ओढलेला की वाटावं, सही करतोय एखादा गव्हर्नर. आणि या ओकेचा जन्म कसा झाला, हे ते दर नव्या माणसाला ऐकवायचे. पंचाईत एवढीच, की दर वेळी वेगळं.

एकदा सांगितलं, गोऱ्या पलटणीत संध्याकाळी पाटीवर मेलेल्यांचा आकडा लिहायचे. कुणी मेलं नाही की शून्य, आणि पुढे के म्हणजे किल्ड. लढाईच्या काळात गोदीत एका गोऱ्यानंच सांगितलं म्हणे. दुसऱ्या खेपेला ओके काढणारा कुणी बिस्किटवाला निघाला, बिस्किटावर स्वतःच्या नावाची अक्षरं उठवणारा. तिसऱ्या खेपेला स्पेलिंग न येणारा कुणी मोठा साहेब, 'सगळं बरोबर' लिहायला गेला आणि भलतीच अक्षरं लिहून बसला. मी म्हटलं, अंकल, एक काय ते ठरवा. तर म्हणाले, तिन्ही खरी आहेत, तू चहा सांग.

पुढे मी कुठंतरी वाचलं, की हे तिसरंच खऱ्याच्या जवळ आहे. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रवाल्यांनी मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून केलेली ती चेष्टा होती. अंकलना मी हे कधी सांगितलं नाही. पलटणीची गोष्ट सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा, बाकीच्या दोन सांगताना नाही.

मी लागलो तेव्हा आमच्या शेडमध्ये तो शब्द फक्त अंकल उच्चारायचे. मग बघता बघता तो सगळ्यांच्या तोंडात बसला. चहा ओके, पिक्चर ओके, शिफ्ट बदलली तरी ओके. शेठच्या केबिनमध्ये पगारवाढीचं काढलं की शेठ म्हणायचे, "ओके, ओके, बघू," म्हणजे चल नीघ. अंकलना हे अजिबात खपायचं नाही. कुणी ओके म्हटलं की ते चष्म्यावरून बघत विचारायचे, "खाली उभा राहशील?" आमच्यातला एकजण मुलगी बघून आला आणि मुलगी ओके आहे म्हणाला, तर त्यालाही हेच. तो बिचारा लाजला. आम्ही हसून हसून लोळलो होतो.

मग ऑर्डरी वाढल्या. सत्तर सालच्या पुढची गोष्ट. शेठनी अंकलना सांगितलं, सगळ्या टांगत बसू नका, अधूनमधून एखादी बघा, माल तुंबतो. अंकल ऐकेनात. तेव्हा शेठनी भलतीच गोड युक्ती काढली. म्हणाले, खडू पुसला जातो, आता रंगानं ओके उठवू या, आणि तुमच्यासारखं अक्षर अख्ख्या मुलुंडात नाही, तेवढं पुठ्ठ्यावर काढून द्या.

आणि अंकल भुलले हो! जेवणाची सुट्टी घालवून त्यांनी मोठ्या हौसेनं ती दोन अक्षरं काढली, मला दाखवायला स्टोअरमध्ये आणली. पत्र्यात त्याचा साचा कोरला गेला. आठवड्याभरात माल बांधणारे प्रत्येक चेनपुलीवर साचा ठेवून पांढरा रंग फिरवायला लागले, तपासलेली असो नाहीतर नसो. अंकलच्या लक्षात आलं तेव्हा ते तरातरा केबिनमध्ये गेले. शेठनी काही ऐकलं नाही. ज्या थोड्या त्यांच्याकडे यायच्या, त्यांच्याखाली ते अजूनही टोपी काढून उभे राहायचे. पण गोष्टी सांगणं थांबलं, आणि डबाही ते एकटेच खायला लागले. मला फार वाईट वाटायचं.

एका सकाळी माहुलहून फोन आला. तिथं एका कंत्राटदाराच्या शेडमध्ये आमच्या चेनपुलीच्या साखळीची कडी उकलली होती आणि टांगलेली विजेची मोटार एका माणसावर पडली होती. माणूस जागीच गेला. माहुलच्याच कोळीवाड्यातला, खाडीत मासळी मिळेनाशी झाली म्हणून मजुरीला लागलेला. शेठनी अंकलना आणि मला पाठवलं. बजावून सांगितलं, जास्त वजन लावलं असणार, एवढंच बोलायचं, दुसरं काही बोललात तर उद्यापासून घरी बसा.

शेडमध्ये चेनपुली कोपऱ्यात पडली होती. वर पांढऱ्या रंगात ओके. अंकल उकिडवे बसले आणि के च्या त्या लांब पायावरून त्यांनी बोट फिरवलं. कंत्राटदाराच्या माणसानं विचारलं, तुमचाच माल ना? मी घाईघाईनं जास्त वजनाचं काढलं. अंकलनी मला हातानंच थांबवलं.

"अक्षर माझं आहे," ते म्हणाले. "पण ही मी तपासलेली नाही. हिच्याखाली मी उभा राहिलेलो नाही."

मग त्यांनी मेलेल्याचं घर कुठं, ते विचारलं.

तेवढ्या बोलण्यापायी त्यांची नोकरी गेली. दोनेक वर्षांत तेही गेले. मयताला गावठाणात गेलो होतो, तेव्हा त्यांच्या बायकोनं सांगितलं की शेवटी शेवटी ते बोलायचेच नाहीत, दिवसदिवस ओट्यावर बसून राहायचे. ती म्हणाली, नोकरीचं मनाला लावून घेतलं. मी मान डोलावली. नोकरीचं नव्हतं ते. माहुलच्या त्या घरी मी त्यांच्याबरोबर गेलो होतो ना, म्हणून मला माहीत.

कोळीवाड्याच्या खालच्या आळीत, सुकत घातलेल्या मासळीच्या पलीकडे ते घर होतं. हवेला रिफायनरीचा वास. दारात बायका बसल्या होत्या, त्यांनी वाट दिली. त्याची बायको आत भिंतीला टेकून बसली होती, तिशीचीही नसेल. अंकल दारातच थांबले. टोपी काढली. ती चेनपुली आमच्या कारखान्यातली, तिच्यावरचं ओके माझ्या हातचं, पण मी ती बघितली नव्हती, असं त्यांनी सगळं सरळ सांगून टाकलं. मला वाटलं, आता ही बाई किंचाळणार, शिव्या घालणार. घालायलाच हव्या होत्या.

तिनं पदर सावरला आणि अंकलकडे बघितलं.

"त्याला लिवता वाचता येत नव्हतं," ती म्हणाली. "तेवढी दोन अक्षरं वलखायचा. मला सांगायचा, ती असली का खाली जायाला भ्याव नाय."

अंकलनी मान खाली घातली.

"तुमी बघितली नव्हती," ती म्हणाली, "मंग लिवलं कशाला?"

ती टोमणा मारत नव्हती. आवाजसुद्धा चढला नव्हता. तिला खरंच ते समजून घ्यायचं होतं, आणि सांगू शकेल असा माणूस समोर उभा आहे असं तिला वाटत होतं. अंकल हळूच उंबऱ्यावर बसले. ती उत्तराची वाट बघत राहिली.