बाबांचा पांढरा द्राक्षारस

राज्यात दारूबंदी होती तेव्हा अकोल्यात आमच्या घरामागच्या खोलीत वाइन तयार व्हायची, तीही रीतसर परवान्याने. बाबा चर्चची देखभाल करत आणि मिस्सेला, म्हणजे तिथल्या उपासनेला, लागणारा द्राक्षारसही तेच करत. 'दारू' हा शब्द त्या खोलीत काढायची सोय नव्हती. द्राक्षं नाशिककडून रेल्वेने येत, हिरवीच. लाल रसाचे डाग वेदीवरच्या कापडांवरून जात नाहीत, आणि ती कापडं आई धुवायची. "काळी द्राक्षं आणली तं धुनं तुमीच धुजा," असं तिने एकदाच सुनावलं होतं.

गंमत म्हणजे बाबांनी तो रस कधी चाखलाच नव्हता. त्यांच्या वडिलांचं दारूपायी वाटोळं झालेलं, म्हणून ते थेंबालाही शिवत नसत. चर्चमध्येही तेव्हा प्याल्यातून एकटे फादरच पीत. मग रस जमला की नाही, हे कळणार कसं? बाबा बाजूच्या दाराआडून फादरांचा चेहरा बघत. परदेशातून आलेले ते म्हातारे फादर डोळे मिटून पीत, चेहऱ्यावरची रेघ हलत नसे. बाहेर आल्यावर म्हणत, "उत्तम." बाबांच्या वाट्याला आलेलं कौतुक ते एवढंच.

पुढे फादर थकले आणि अमरावतीला राहायला गेले. त्यांच्या जागी आलेल्या तरुण फादरांनी पहिल्याच मिस्सेत घोट घेतला आणि त्यांचं तोंड चिंच चावल्यासारखं झालं. बाबांनी ते पाहिलं. मिस्सा संपल्यावर फादरांनी विचारलं, "रस ठेवता कशात?" बाबांनी खोली दाखवली. वाळूत बसवलेला माठ, वर ओलं फडकं. वऱ्हाडच्या उन्हात पिण्याचं पाणी जपतात, अगदी तसं.

"अहो, माठातून हवा जाते, रस आंबतो. बाटल्या गळ्यापर्यंत भरा, घट्ट बूच लावा."

बाबांचं जेवणावरचं लक्षच उडालं. शेवटी ते एस.टी.ने अमरावतीला आले. मी तिथेच कॉलेजात होते, म्हणून त्यांच्यासोबत म्हाताऱ्या फादरांकडे गेले.

"फादर, इतके वर्सं आंबट प्यायले, मले सांगतलं काहून नाई?"

"पहिल्याच दिवशी सांगणार होतो," फादर म्हणाले. "पण तुम्ही दाराआडून पाहत होता."

बाबा माझ्यासमोर रडले. मला फादरांचा रागच आला. एवढा चांगुलपणा माणसाने करू नये.

पुढच्या हंगामात बाबांनी बाटल्या भरल्या. तरुण फादर खूश झाले. एक बाटली घेऊन बाबा पुन्हा अमरावतीला आले. म्हाताऱ्या फादरांनी आपल्या खोलीतच मिस्सा केली आणि प्याला ओठांना लावला. या वेळी बाबा समोरच उभे होते. इतकी वर्षं न हललेला तो चेहरा चांगलाच वाकडा झाला.

"या खेपेला बिघडला की हो," फादर म्हणाले.

बाबा एस.टी. स्टँडपर्यंत हसत होते. गाडीत चढताना मला म्हणाले, "माठ फोडला नाई, ते बरं झालं."