सिस्टरांचा सात वर्षांचा चहा

सिस्टर कुणाच्याही घरी गेल्या की बसण्याआधी वास घ्यायच्या. लपूनछपून नाही, चांगलं उंबरठ्यात उभं राहून, मान जराशी वर करून. मग सांगायच्या, "डाळ खाली लागली तुझी." किंवा, "पोराचा कान वाहून राह्यला, दाखवून आण." दोन्ही खरं निघायचं. वर्ध्याजवळच्या नालवाडीतल्या आमच्या गल्लीत त्यांना नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. निलगिरीच्या डोंगरातल्या एका चहामळ्याच्या दवाखान्यात सव्वीस वर्षं नर्सची नोकरी करून त्या परत आल्या होत्या. एकट्याच राहायच्या. त्यांची भाची पुलगावला होती, ती अधूनमधून यायची.

त्यांच्या स्वतःच्या घराला मात्र कसलाही वास नव्हता. फोडणी मागच्या पडवीत, कपड्यांत डांबरगोळी नाही, अंगाला पावडर नाही. समोरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती आणि तिच्यापुढे एक मेणबत्ती, बस. एका बुद्धपौर्णिमेला गल्लीतल्या बाया वंदनेला येताना अगरबत्तीचा पुडा घेऊन आल्या, तर सिस्टरांनी तो दारातच काढून घेतला. एकीनं तोंड वाकडं केलं. सिस्टर म्हणाल्या, "बुद्धाले वास नाई लागत, बाई. चहाले लागते." अगरबत्त्या मग अंगणातल्या जास्वंदीच्या कुंडीत लावल्या.

चहा म्हणजे आपला तुपला नव्हे. पांढरा चहा. दूध नाही, साखर नाही, आलं नाही. पाण्याला उकळी फुटायच्या आत भांडं उतरवायचं, चिमूटभर कळ्या टाकायच्या आणि झाकण ठेवून गप्प बसायचं. कपात जे यायचं त्याचा रंग गव्हाच्या काडीसारखा. आमचे हे एकदा प्यायले आणि गल्लीभर सांगत सुटले की सिस्टरांकडून चहा पिऊन आलं की घरी येऊन चहा प्यावा लागतो. ते त्यांच्या कानावर गेलंच. पुढल्या खेपेला त्यांनी यांच्यापुढे एक कप चहाचा आणि एक कप साध्या गरम पाण्याचा ठेवला, आणि डोळे मिटून चहा कोणता ते ओळखा म्हणाल्या. यांनी नेमका पाण्याचा उचलला. मग दोघंही बराच वेळ हसत होते.

हा चहा यायचा मारीकडून. मारी म्हणजे मळ्यात कळ्या खुडणारी बाई. तिची दोन्ही बाळंतपणं सिस्टरांनी केली होती आणि तेव्हापासून त्यांची मैत्री. दर वर्षी थंडी सरता सरता तिचं पार्सल यायचं. तिच्या क्वार्टरमागच्या चार झुडपांवरच्या मिटलेल्या कळ्या, अंगावर पांढरी लव असलेल्या, ती सकाळी दव सुकलं की खुडायची. बांबूच्या सुपांवर एकेक सुटी पसरायची, सावलीत, वारा खेळेल अशा जागी, दोन-अडीच दिवस. हात लावायचा नाही, कारण कळी दाबली गेली की तिथं लाल पडते. ती आपली आपण कोमेजते, तिचा हिरवा कच्चा वास जातो, आणि उरलासुरला ओलावा शेवटी मंद उबेवर काढायचा. हे सांगताना सिस्टरांचा आवाज वॉर्डात असल्यासारखा व्हायचा. "बाकी चहाले हातानं मळा लागते, कढईत भाजा लागते," त्या म्हणायच्या. "ह्याले फक्त राहू द्या लागते. तेच कोणाले जमत नाई." मग पुन्हा पहिल्यापासून सांगायच्या, कारण माझं लक्ष नसतं हे त्यांना माहीत होतं.

आलेला चहा त्या लगेच पिऊन संपवत नसत. थोडा पिण्यापुरता काढून ठेवायच्या आणि बाकीचा मडक्यात. मधल्या खोलीत फळीवर दर वर्षाचं एक मडकं, तोंडाला धुतलेलं दुपदरी फडकं. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा त्या प्रत्येक मडकं उघडायच्या आणि एक कळी चिमटीत धरून मोडून बघायच्या. कुरकुरीत तुटली तर ठीक. वाकली तर शेगडीत राखेखाली निखारे ठेवून त्याच्यावर हातभर उंच सूप धरायच्या. तळहात तिथं ठेवला तर उचलावासा वाटू नये, एवढीच ऊब. उन्हाळ्यात त्या खोलीत कूलर नाही, कारण कूलरच्या गवताचा वास. दिवसातून तीनदा फरशीवर पाणी मारायच्या. सगळी नालवाडी कूलरपुढे आडवी झालेली आणि या बाई मडक्यांची सेवा करतायत, असं मीच कितीदा म्हटलं असेल.

यामागे एक पैज होती. मळ्यातल्या एका म्हाताऱ्या मुकादमाकडे दोघींनी एकदाच सात वर्षं मुरलेला चहा प्यायला होता. त्याला वाळल्या बोरांचा वास होता म्हणे, आणि मधासारखी गोडी. सिस्टर निवृत्त होऊन निघाल्या तेव्हा पहिलं पार्सल देताना मारी म्हणाली होती की तुमच्या वर्ध्याच्या भट्टीत हा मरून जाईल. सिस्टरांनी सांगितलं, सात वर्षांनी अर्धा तुला परत पाठवते, बोरांचा वास आला नाही तर बोल. फळीवरचं पहिलं मडकं त्याच चहाचं. त्याला त्या कुणाला हात लावू देत नव्हत्या.

सातवं वर्ष चालू असताना, पोळ्याच्या आसपास, आमचे हे गेले. कामावरून आले, बूट काढायला खुर्चीवर बसले आणि उठलेच नाहीत. मी रडले नाही. बाई मोठी धीराची, असं लोक म्हणाले. धीर वगैरे काही नव्हता, आत काहीच नव्हतं. भाजीत मीठ दुप्पट पडलं तरी मला कळत नव्हतं. शाळेत जात होते, मुलांचे पेपर तपासत होते, घरी येऊन भिंतीकडे बघत बसत होते. सिस्टर रोज संध्याकाळी एक कप घेऊन यायच्या. सांत्वनाचं एक अक्षर कधी बोलल्या नाहीत. कप रिकामा झाला की विचारायच्या, "काही लागते का, वनिता?" मी नाही म्हणायचे. "बरं," असं म्हणून कप घेऊन जायच्या. महिने गेले, त्यांचा प्रश्न तोच आणि माझं उत्तरही तेच. मी तो चहा फक्त त्यांना वाईट वाटू नये म्हणून पीत होते.

चैत्रात सिस्टरांना ताप भरला. उतरेचना, तेव्हा भाची त्यांना दवाखान्यात न्यायला आली. ऑटोत बसण्याआधी त्यांनी मला मधल्या खोलीत नेलं आणि पहिलं मडकं माझ्या हातात दिलं. घर बंद राहणार, फरशीवर पाणी कोण मारणार. "बाकीचे लहान हायेत, सोसतीन," म्हणाल्या. "हे तू ने. उघडजो नको."

मी ते आमच्या आतल्या खोलीत धान्याच्या कोठ्यांजवळ ठेवलं. तीच खोली गार असते. त्या महिन्यात वर्षाचे गहू आले, तुरीची डाळ आली. आमच्याकडे धान्य भरताना थराथराला सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला घालतात, किडे होऊ नयेत म्हणून. लग्न झाल्यापासून दर वर्षी मी हे केलंय. त्याला डोकं लागत नाही, हातच करतात. गहू झाले, डाळ झाली, शेजारी मडकं होतं. फडकं सोडलं, दोन मुठी पाला आत घातला, फडकं बांधलं. काही चुकलं असं मनातसुद्धा आलं नाही.

ते कळलं दोन महिन्यांनी. सिस्टर रविवारी येतायत असा भाचीचा फोन आला म्हणून मडकं पुसायला घेतलं, तर फडक्याच्या घडीत एक पान अडकलेलं. उघडलं आणि भपकन कडुनिंबाचा वास नाकात शिरला. पानं एकेक वेचली, कळ्या चाळणीतून काढल्या, दोन दिवस सावलीत सुपावर ठेवल्या. मोठी पानं निघाली. चुरा त्या पांढऱ्या लवेत बसलेला, तो कुठं निघतोय. सात वर्षांचा चहा मी घालवला होता. आता जोरात भीती वाटायला हवी, असं मला नुसतं समजत होतं.

सिस्टर आल्या त्या निम्म्या होऊन. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले तर गॅसवर दूध करपून पातेलं काळं झालेलं, घरभर धूर, आणि त्या शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसलेल्या. मी गॅस बंद केला. त्यांनी पातेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "नाक गेलं माझं," म्हणाल्या. "तापात गेलं. आता येत नाई म्हणते डॉक्टर." मग म्हणाल्या, "मडकं आण."

मी आणलं. सांगायचं असं ठरवूनच आणलं होतं. त्यांनी ते मांडीवर घेतलं, फडकं सोडलं आणि तोंड जवळजवळ आत घातलं. बराच वेळ तशाच होत्या. मग मडकं माझ्यापुढे धरलं.

"तू सांग. बोरं येऊन राह्यली का?"

मी वास घेतला. कडुनिंब. दुसरं काही नाही.

"येतात," मी म्हटलं. "वाळल्या बोरांचा वास येतो."

त्या मडक्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होत्या. खरंच का, म्हणून पुन्हा विचारलं. मी पुन्हा हो म्हटलं. त्यांनी पदरानं डोळे पुसले. पैज जिंकल्याचा आनंद झाला असेल, असं मला वाटलं. त्यांनी स्वतः उठून चहा केला, दोन कप सावकाश प्यायल्या. मी एक प्याले. घशाखाली उतरेना इतका कडू. अर्धा चहा त्यांनी कापडात शिवून मारीला पाठवायला माझ्याच हाती दिला. पोस्टात खिडकीपुढे मी ते पार्सल धरून उभी राहिले, मागचा माणूस चला ना मॅडम म्हणाला, आणि मी ते देऊन टाकलं.

मारी पैज हरली, असं सिस्टर पुढे गल्लीत सगळ्यांना सांगायच्या. मी शेजारी उभी असायचे. आज सांगू, उद्या सांगू, असं करत पावसाळा गेला, दसरा गेला. दिवाळीनंतरच्या आठवड्यात सिस्टर झोपेतच गेल्या. त्यांनी आयुष्यात मला एकच गोष्ट विश्वासानं विचारली होती आणि ती मी खोटी सांगितली होती. आता दुरुस्त करायलाही त्या नव्हत्या.

मारीला कळवायचं काम भाचीनं माझ्यावर टाकलं. मारीला हिंदी सिस्टरांनी शिकवलेली, त्यामुळे ती तमिळ बाई आपल्यासारखं 'का'ला काऊन म्हणते. मी बातमी सांगितली. सिस्टर कशा गेल्या, ते तिनं विचारून घेतलं. मग म्हणाली, "नीम काऊन डाला था, दीदी?"

मी सगळं सांगितलं. कोठी, पाला, फडकं, पोस्टाची खिडकी. मग तिनं सांगितलं की पहिल्याच घोटाला तिला कळलं होतं आणि त्याच दिवशी तिनं भांडायला सिस्टरांना फोन केला होता. कडू तर सिस्टरांनाही लागला होता. नाक गेलं होतं, जीभ शाबूत होती. पण त्यांनी मारीला गप्प केलं, आणि वनिताला यातलं कधी बोलू नकोस म्हणून शपथ घातली.

"सिस्टर बोली, चहा गया तो जाने दे, मारी," ती म्हणाली. "वो लडकी झूठ बोली मेरेसे. पर झूठ बोलने को बी पहले बास आना पडता ना. इतने महीने मैं पूछती थी कुछ लगता क्या, तो ना बोलती थी. अब उसको बास आया."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि रडायला लागले. हे गेल्यापासून पहिल्यांदा. आवाज आवरत नव्हता, शेजारी ऐकू जात असणार. मारीनं फोन ठेवला नाही. माझं रडून होईपर्यंत ती तिकडे नुसती बसून राहिली.