नऊ साड्या आणि आठ सेकंदांची सूचना

"हा मोरपंखी नाही, सर. हा नुसता हिरवा आहे. लोक कमेंटमध्ये सोलून काढतील," पराग म्हणाला.

सुलभाताई कॅमेऱ्यासमोर सहाव्या साडीत उभ्या होत्या. सकाळपासून त्यांनी पाच साड्या बदलल्या होत्या. आमच्या खालच्या गाळ्यात स्टीलच्या डब्यांना पॉलिश करतात. त्यांचं मशीन बंद असतं तेवढ्याच वेळात आम्हाला आवाज रेकॉर्ड करता येतो. मशीन नुकतंच थांबलं होतं, आणि ती मोलाची वीस मिनिटं आम्ही एका रंगाची शहानिशा करण्यात घालवली. परागने बहिणीला फोन केला. माझी एडिटर शबाना हिने नवरात्राच्या रंगांच्या दोन याद्या ताडून पाहिल्या. मी पत्नीला विचारलं. तिन्हीकडून मोरपंखीच ठरल्यावर रस्त्यापलीकडच्या दुकानातून साडी आणवली.

ती वीस मिनिटं मी विसरू शकत नाही. कारण त्याच दिवशी, थोडं आधी, त्याहून कितीतरी गंभीर गोष्टीला आम्ही दोन मिनिटंही दिली नव्हती.

भाईंदर पूर्वेला, नवघरच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये माझा छोटा स्टुडिओ आहे. आयुष्याची वीसेक वर्षं दूरचित्रवाणी मालिकांच्या प्रॉडक्शनमध्ये गेली. आता मी मोबाइलवर पाहिले जाणारे आरोग्यविषयक छोटे व्हिडिओ तयार करून देतो. हे व्हिडिओ रोज एक दिसत असले, तरी रोज एक तयार होत नाहीत. पंधरा दिवसांचे किंवा महिन्याचे एकाच दिवशी शूट करतात. त्याला आम्ही बॅच म्हणतो. बोलणारी व्यक्ती कपडे बदलत जाते आणि पाहणाऱ्याला वाटतं, रोज नवा दिवस उजाडला. तयार व्हिडिओ आधीच पेजवर चढवून ठेवतात. नेमून दिलेल्या दिवशी, नेमून दिलेल्या वेळी ते आपोआप प्रसिद्ध होतात.

परागचं असंच एक पेज होतं. वय पस्तिशीचं, बोलायला चटपटीत. तो उपवासाची पिठं आणि काढ्याच्या पुड्या विकायचा. नवरात्रासाठी त्याला नऊ व्हिडिओ हवे होते. नऊ दिवस, नऊ रंग, उपवासातून आरोग्य. शूट ऑगस्टमध्ये.

बोलण्यासाठी सुलभाताईंना मीच आणलं. त्या शाळेत गृहविज्ञान शिकवायच्या. आता निवृत्त आहेत. नवघरातल्या कित्येक घरांत त्यांची एखादी तरी विद्यार्थिनी निघते. त्यांनी सांगितलं म्हणजे ते खरं, असा त्यांचा लौकिक. परागला नेमका तोच हवा होता, आणि तो कुठे मिळेल हे मला ठाऊक होतं.

चौथ्या दिवसाचा व्हिडिओ असा होता: सकाळी उठल्यापासून दुपारी बारापर्यंत फक्त लिंबूपाणी घ्यायचं, पोटाला विश्रांती द्यायची. पिवळी साडी नेसून झाल्यावर सुलभाताई स्क्रिप्टचा कागद हातात धरून थांबल्या.

"सावंत, यात एक वाक्य कमी आहे. ज्यांना साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी हे अजिबात करायचं नाही. गोळी घेऊन उपाशी राहिलं की साखर उतरते, माणूस बसल्या जागी कोसळतो. हे उपवासाच्या प्रत्येक व्हिडिओत यायला हवं."

"ताई, चाळीस सेकंदांतली आठ सेकंदं गेली की ओ!" पराग म्हणाला. "रिटेन्शन झोपेल आपलं."

रिटेन्शन म्हणजे पाहणारा शेवटपर्यंत किती टिकला, त्याचा हिशेब. आमच्या धंद्यात सगळे त्याला दैवत मानतात.

"झोपू दे. बाई झोपण्यापेक्षा बरं."

"ताई, नवरात्र आहे. दवाखाना नाही. आजाराचं नाव काढलं की लोक पुढे सरकवतात."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. खाली मशीन कधीही सुरू झालं असतं. पाच साड्या उरल्या होत्या. मी मध्यममार्ग काढला.

"ताई, ही मालिका आहे," मी म्हणालो. "पहिल्या दिवसाच्या व्हिडिओत आपण हे सविस्तर घालू. एकदा नीट सांगितलं की झालं."

 "तुम्ही म्हणताय तर," त्या एवढंच म्हणाल्या आणि पदर सारखा करून उभ्या राहिल्या. पहिल्या दिवसाच्या व्हिडिओसाठी सूचना आम्ही शेवटी वेगळी घेतली.

माझा आवाज मृदू आहे. लोकांना तो विश्वासाचा वाटतो. आयुष्यात अनेकदा मी त्याचा उपयोग चुकीच्या बाजूने केला आहे. त्यातली ही एक वेळ.

दूरचित्रवाणीवर सोमवारचा भाग पाहिलेला माणूस मंगळवारी त्याच जागी येऊन बसतो. मोबाइलवर तसं नसतं. तिथे प्रत्येक व्हिडिओ सुटा फिरतो. कोणाला चौथा दिसतो, कोणाला सातवा. पहिला कधी दिसतही नाही. हे मला माहीत नव्हतं, अशी सबबही मला सांगता येत नाही. नवीन लोकांना मी स्वतः शिकवत असे, की प्रत्येक व्हिडिओ अनोळखी माणसासाठी बनवा, त्याने आधीचं काही पाहिलेलं नाही असं धरून चाला. हुक लिहिताना, म्हणजे माणसाला खिळवणारी पहिली तीन सेकंदं लिहिताना, मी हा नियम कसोशीने पाळला. सूचनेच्या वेळी मात्र तो मला सोयीस्करपणे आठवला नाही.

नवरात्र आलं. चौथ्या दिवशी सकाळी सहाला पिवळ्या साडीतला व्हिडिओ प्रसिद्ध झाला आणि दुपारपर्यंत आमचे आधीचे सगळे मागे पडले. परागचा व्हॉइस मेसेज आला, "सर, फाडलंय आपण! पिवळा सुपरहिट!" मला आनंद झाला. तो आनंद मी लपवणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास सुलभाताईंचा फोन आला. त्या चढ्या आवाजात कधीच बोलत नाहीत. तेव्हाही बोलल्या नाहीत.

"सावंत, माझी मथुरा बाजारात पडली. मी हॉस्पिटलात आहे. तुम्ही या."

मथुराबाई भाईंदरच्या जुन्या कोळी वस्तीतल्या. आठवड्यातून तीन दिवस पाटी घेऊन सुलभाताईंच्या दारात यायच्या, अनेक वर्षांपासून. नवरात्रात त्या मासळी विकायच्या, पण खायच्या नाहीत. नऊ दिवस उपास आणि पाय अनवाणी. त्या दिवशी पापलेट तोलता तोलता त्यांना दरदरून घाम फुटला. हात थरथरू लागले. गिऱ्हाइकाशी काहीतरी असंबद्ध बोलल्या आणि पाटीवरच कलंडल्या. समोरच्या रसवाल्याच्या आईला मधुमेह होता, त्यामुळे त्याला लक्षणं ठाऊक होती. त्यांना अजून गिळता येतंय हे पाहून त्याने बसतं केलं आणि उसाचा रस घोटघोट पाजला. डॉक्टर मला नंतर म्हणाले, "त्या माणसाने अर्धं काम केलं. अजून अर्धा तास गेला असता तर मी तुमच्याशी वेगळं बोललो असतो."

मी पोचलो तेव्हा मथुराबाईंना सलाइन लावलं होतं आणि त्या शुद्धीवर होत्या. सुलभाताई त्यांचे पाय चेपत बसल्या होत्या.

"मना काय म्हाईत, बाय?" त्या सुलभाताईंना सांगत होत्या. "सुनेनं मोबाइलवर दाखवला. मी बोलली, ह्या तं आपल्या बाय हाय! तुमी बोलल्या पोटाला आराम द्या. मी दिला."

"आणि गोळी, मथुरा?"

"गोली तं घेतली ना! गोली चुकवाची न्हाय, असा डागदर बोललेला हाय."

म्हणजे त्यांनी दोघांचंही ऐकलं होतं. डॉक्टरांचं पूर्ण आणि सुलभाताईंचं पूर्ण. त्यांच्याकडून कसूर झालेली नव्हती.

"पहिल्या दिवसाचा व्हिडिओ पाहिला होता का तुम्ही?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"कंचा पैला?" मथुराबाई म्हणाल्या. "पिवल्या साडीतला ना?"

सुलभाताईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. तिथून बाहेर पडून मी परागला फोन केला.

"चौथा व्हिडिओ ताबडतोब उतरवायचा. पुढचे थांबवायचे. प्रत्येकाच्या सुरुवातीला सूचना जोडून मगच सोडू."

"सर, एक मिनिट. ती बाई आता बरी आहे ना?"

"बरी आहे."

"मग? चालता व्हिडिओ उतरवला तर पेज बसतं, पुढचे कोणाला दिसत नाहीत, माहितीये ना तुम्हाला? नवरात्र वर्षातून एकदा येतं."

"पराग, एक बाई मरता मरता वाचली आहे."

"वाईट वाटलं, सर. खरंच. पण गोळी घेऊन उपाशी राहू नये हा कॉमन सेन्स आहे."

"कॉमन सेन्सवर भागत असेल तर आपण व्हिडिओ कशाला काढतो?"

 तो शांतपणे म्हणाला, "आणि पहिल्या दिवशी सांगितलंय की आपण. एकदा नीट सांगितलं की झालं. हे तुमचंच वाक्य आहे, सर."

मला संताप आला. पण प्रामाणिकपणे लिहायचं तर तो संताप अर्धाच परागवर होता. माझं वाक्य त्याने जसंच्या तसं जपून ठेवलं होतं आणि गरज पडताच ढालीसारखं पुढे केलं होतं. ते वाक्य त्याच कामासाठी बनलेलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

स्टुडिओत शबानाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सर, पेज का ॲक्सेस अभी हमारे पास है. हटा दूँ?"

करारानुसार व्हिडिओ परागच्या मालकीचे होते. आजवरच्या नोकरी-व्यवसायात मी क्लायंटच्या परवानगीशिवाय काहीही केलं नव्हतं.

"काढ," मी म्हणालो. "आणि पुढचे चार थांबव."

सुलभाताई हॉस्पिटलातून थेट स्टुडिओत आल्या. अंगावर घरातली चुरगळलेली सुती साडी. शबानाने विचारलं, "ताई, उद्या मोरपंखी आहे, ती आणू?"

"कुठलाही रंग नको," त्या म्हणाल्या. "कॅमेरा लावा."

खाली मशीन सुरू होतं. इतकी वर्षं मी ते आपोआप थांबण्याची वाट पाहत आलो होतो. त्या दिवशी जिना उतरून गाळ्याच्या मालकाला म्हणालो, "दस मिनट बंद करेंगे?" त्याने कारणही न विचारता बटण दाबलं. वर, "पहले बोलते ना, साब," असंही म्हणाला. ज्या घाईपोटी मी ऑगस्टमध्ये सूचना गाळली, ती घाई मशीन बंद करा असं मी कधी कोणाला सांगितलं नाही म्हणूनच होती. वर येताना जिना मला फार चढाचा वाटला.

सुलभाताईंनी सूचना एका दमात सांगितली. बरोबर आठ सेकंदं लागली.

ती आम्ही उरलेल्या चारही व्हिडिओंच्या सुरुवातीला जोडली. सहाव्या दिवशी सकाळी सहाला पहिला गेला. सव्वासहाला परागचा फोन.

"सर, ही कुठली साडी? आज मोरपंखी आहे! लोक विचारतायत!"

"साडीचं विचारतायत?"

"हो! आणि चौथा कुठे गेला? हे चीटिंग आहे, सर. मी तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती केली."

"मीही केली नव्हती," मी म्हणालो.

तासाभरात त्याने आमचा ॲक्सेस काढला. सूचना कापून टाकली आणि पिवळ्या साडीतला व्हिडिओ पुन्हा चढवला. सुलभाताईंनी लेखी मागणी केली, मी वकिलामार्फत पत्र पाठवलं. तो व्हिडिओ अखेर उतरवला गेला. दसरा झाल्यावर, म्हणजे त्याचा उपयोग संपल्यावर. दुसऱ्याच्या जिवाची किंमत कॅलेंडर पाहून ठरवणारी माणसं आपल्या आसपास किती सभ्य भाषेत वावरतात, याची मला चीड येते. आणि त्यांना ती भाषा पुरवण्यात मीही होतो, याची अधिक.

उरलेले दिवस सुलभाताई रोज सकाळी मासळीबाजारात मथुराबाईंच्या रिकाम्या जागेशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. मथुराबाई घरी विश्रांती घेत होत्या.  "पिवळ्या साडीतला व्हिडिओ पाहिला का? तो माझाच. पण गोळ्या चालू असतील तर ते करू नका," असं सुलभाताई एकेकीला सांगत राहिल्या. कोणीतरी त्यांना म्हणालं, "बाई, हसतील लोक." त्या म्हणाल्या, "हसू दे की."

मथुराबाईंची पाटी दिवाळीच्या आधी पुन्हा सुलभाताईंच्या दारात आली. माझ्याशी सुलभाताई बोलतात. कॅमेऱ्यासमोर मात्र त्या परत उभ्या राहिलेल्या नाहीत, आणि मी विचारलेलंही नाही.

पुढल्या नवरात्रात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तोच व्हिडिओ आला. कोणीतरी कधीतरी डाउनलोड करून ठेवलेला. वर लिहिलं होतं, 'छान माहिती, जरूर पाहा.' मी खाली लिहिलं, की हा व्हिडिओ मी बनवला आहे, तो अपुरा आहे, मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी हे करू नये. उत्तरादाखल दोन जणांनी हात जोडले आणि एकाने विचारलं, "आजचा रंग कोणता?"

बॅच आखताना आम्ही एक तक्ता करतो. त्यात पूर्वी पाच रकाने असत: दिवस, रंग, हुक, मुद्दा, शेवट. आता पहिला रकाना आहे, 'कोणकोणी करू नये'. तो भरल्याशिवाय शबाना रंगाचा रकाना उघडत नाही. क्लायंट कुरकुरतात. दोघे सोडूनही गेले. आठ सेकंदं फार होतात, असं त्यांचं म्हणणं.