संकष्टीची सुरमई

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या या गड्याने नोकरी सोडून घरपोच मासळीचं ॲप काढलं, तेव्हापासून त्याचं बोलणंच बदललं. लिफ्टमध्ये भेटला तरी फंडिंग, स्केल, ब्रँड! हातात पापलेटची पिशवी आणि तोंडात, "हल्ली धंदा म्हणजे डेटा रे, बाकी सगळं झूट. आणि आलेली ऑर्डर सोडायची नाही. कधीच!" हे 'कधीच' म्हणताना तो बर्फाने गारठलेलं बोट माझ्या छातीवर टेकवतो. ऐकून ऐकून कान किटलेत, पण मासळी ताजी देतो म्हणून मी गप्प बसतो.

परवा आई गावाला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी सुरमई मागवली, तर लगेच ऑर्डर रद्द. पाठोपाठ त्याचा फोन.

"आज संकष्टी आहे ना तुमच्याकडे?"

"आई नाहीये रे घरी. पाठव ना यार!"

"उद्या पाठवतो. झकास तुकड्या करून."

"आणि आलेली ऑर्डर सोडायची नाही, त्याचं काय?"

"काकी गाडीत बसायच्या आधी मला सांगून गेलीय," तो खदाखदा हसला. "याला म्हणतात डेटा."