वजा दोनशे अठ्ठेचाळीस

आमच्या लोम गावात जिवंत माणसं अशी उरलीत किती? तरणीताठी सगळी स्पेनला नाहीतर जर्मनीला गेली, मागं राहिले म्हातारे आणि दाराला कुलपं. पण कुलूप लावलेल्या दारावरही शोकपत्रक मात्र वेळच्या वेळी लागतं. वर फोटो, खाली नाव, मधे ठळक अक्षरात 'चाळीस दिवस', 'सहा महिने', 'एक वर्ष'. ते छापायचं आणि दारोदार फिरून डकवायचं काम वेलिच्काचं. दूरदेशी गेलेल्या लेकरांनी ते तिच्यावर सोपवलेलं, आणि तिनं कधी कुणाचा दिवस चुकवला नव्हता.

सोळाव्या वर्षी ती गावातल्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला लागली. छापखाना बंद पडला तेव्हा तिच्या नवऱ्यानं, आसेननं, कारखान्यातून मोडीत निघालेला एक कॉम्प्युटर घरी आणला आणि दोघांनी नदीकाठच्या रस्त्यावर हे दुकान थाटलं. कॉम्प्युटर पुढं दोनदा बदलला, पण त्यावरचा प्रोग्राम आसेननं स्वतः लिहिलेलाच राहिला. गावातल्या प्रत्येक मृताचं नाव, फोटो आणि तारीख त्यात होती. नावापुढं एक आकडा असायचा, माणूस जाऊन किती दिवस झाले त्याचा. सकाळी बटण दाबलं की ज्यांचा दिवस आला असेल त्यांची पत्रकं आपोआप छापून यायची.

आसेन गेला, त्यालाही आता दहा वर्षं होत आली. त्याचं नाव त्या यादीत वेलिच्कानंच घातलं. पण त्याचं पत्रक तिनं एकदाही लावलं नाही. पहिलं काय ते त्याच्या भावानं विदीनहून येऊन लावलं होतं. पुढं दरवेळी मशीन त्याचा कागद बाहेर टाकायचं आणि ती न बघता तो चुलीत घालायची. लोक आधी कुजबुजले, मग त्यांनी कानाडोळा केला. सगळ्या गावाच्या दारांवर मरण डकवणारी बाई स्वतःचं दार तेवढं कोरं ठेवायची.

यंदाच्या उन्हाळ्यात लेक स्नेझाना माद्रिदहून आली आणि जाता जाता आईच्या भल्यासाठी म्हणून कॉम्प्युटरवर नवी ऑपरेटिंग सिस्टिम चढवून गेली. पडदा रंगीबेरंगी झाला, पण बापाचा प्रोग्राम काही त्यावर उघडेना. वेलिच्कानं महिनोन् महिने वहीत बघून बोटांवर दिवस मोजले, हातानं पत्रकं जुळवली. शेवटी नोव्हेंबर लागला, मृतांचं स्मरण करायचा शनिवार आला, आणि चार दारं कोरी राहिली. तेव्हा पुढच्या शुक्रवारी तिनं गेंचोला बोलावलं. हा गेंचो टीव्हीपासून धुलाईयंत्रापर्यंत सगळं दुरुस्त करणारा, आणि आसेनच्या हाताखाली शिकलेला.

"मावशी, सगळं जग पुढं चाललंय, तू मागं कुठं निघालीस?" तो खुर्चीत बसता बसता म्हणाला.

"जगाला म्हणावं जा खुशाल. मला जुनीच सिस्टिम दे."

"अगं, पण त्यासाठी आतलं सगळं पुसावं लागेल."

"पूस. नोंदी मी दुसरीकडं काढून ठेवल्यात. मी काय आज जन्मले का?"

जुन्या सिस्टिमची तबकडी आसेनच्या खणात मिळाली. तिच्यावर त्याच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, ९ मार्च २०१५. गेंचोनं ती घातली, बराच वेळ वाट पाहिली आणि डोकं खाजवलं.

"घेत नाही. हिची मुदत संपलीय म्हणते."

"मग?"

"मग थाप मारायची. घड्याळ मागं न्यायचं. अजून तेच वर्ष चालू आहे असं हिला वाटलं की मुकाट्यानं बसेल." त्यानं तबकडीवरचीच तारीख टाकली.

आणि ती खरंच बसली. संध्याकाळ व्हायच्या आत आसेनचा प्रोग्राम तोच करडा पडदा आणि तीच जाड अक्षरं घेऊन उघडला. वेलिच्कानं नोंदी परत भरल्या. यादी खाली सरकवता सरकवता तिचा हात थांबला. आसेन मारिनोव, आणि पुढं आकडा: वजा दोनशे अठ्ठेचाळीस.

"हे काय?" तिनं विचारलं.

गेंचो वाकला. "मशीनच्या लेखी आज मार्च आहे ना. काका नोव्हेंबरात गेले. म्हणजे जायला अजून..." त्यानं कीबोर्ड पुढं ओढला. "थांब, तारीख पुढं आणतो. दोन मिनिटांचं काम."

"राहू दे. मी करते."

"मावशी."

"करते म्हटलं ना. तुझी कॉफी गार होतेय, पी आणि जा."

त्या शुक्रवारी तिनं तारीख बदलली नाही. शनिवारी आकडा दोनशे सत्तेचाळीसवर आला, रविवारी शेहेचाळीसवर. वेलिच्का खुळी नव्हती. बाहेर नोव्हेंबर आहे, नदीवरचं धुकं खिडकीला टेकलंय, हे तिला दिसत होतं. पण आत, त्या करड्या पडद्यावर, मार्च चालू होता आणि आसेन जिवंत होता. रविवारी तिनं पेटीतून त्याचा कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. कॉफीचे दोन कप मांडले आणि दुसरा निवू दिला. त्या वर्षी जूनमध्ये त्याला जिना चढताना दम लागायला लागला होता, आणि तिनं म्हटलं होतं, सिगरेटी कमी कर म्हणजे झालं. आता तिच्या मनात आलं, या वेळी जूनपर्यंत थांबायचंच नाही. एप्रिलमध्येच त्याला मोंताना शहरात मोठ्या डॉक्टरकडे न्यायचं. तिनं डॉक्टरचा नंबर शोधून कागदावर लिहिलाही. लिहून झाल्यावर तिला स्वतःचीच भीती वाटली, पण तिनं तो कागद फाडला नाही.

मशीन मात्र आपलं काम करत राहिलं. दहा वर्षांपूर्वी गेलेल्यांचे चाळीस दिवस आणि तीन महिने ते रोज सकाळी छापून बाहेर टाकायचं. वेलिच्का ती पत्रकं बाजूला काढायची आणि खरी, आजची, वहीत बघून वेगळी छापायची. सोमवारी धुकं इतकं दाट होतं की समोरचं फार्मसीचं दुकान दिसत नव्हतं. तिची बोटं गारठली होती, मन पडद्यावरच्या आकड्यात अडकलेलं होतं. खऱ्यांच्या गठ्ठ्यात एक खोटं पत्रक मिसळलं. तिनं नेहमीसारखा तळातला पत्ता तेवढा वाचला, गोंद लावला आणि पुढं गेली.

बुधवारी सकाळी दुकानाचं दार उघडून त्सांको आत आला. आयुष्यभर नदीवरची नाव चालवलेला माणूस, आता ब्याऐंशीचा, आठवण अधूनमधून दगा देणारी. हातात फडक्यानं झाकलेला वाडगा होता, मृताच्या नावानं गोड उकडलेले गहू वाटतात तसला.

"वेलिच्का, गहू उकडले," तो म्हणाला. "साखर जरा कमी पडली बघ. मारा असती तर माझी अब्रू काढली असती."

"कुणाचे गहू, त्सांकोदादा?"

"कुणाचे म्हणजे? माराचे. चाळीस दिवस झाले ना. दारावर लावलंयस की तूच." त्यानं टोपी काढली. "परवा वाचलं आणि मला काही सुचेचना. चाळीस दिवस झाले तिला जाऊन, आणि मी कुठं होतो? मी रडलोसुद्धा नव्हतो गं. मग दोन दिवस बसून रडलो."

त्याची बायको मारा जाऊन दहा वर्षं होऊन गेली होती. हा माणूस तेव्हा सहा महिने कुणाशी बोलला नव्हता, आणि मग कसाबसा त्यातून बाहेर आला होता. ते सगळं त्याला पुन्हा, ताजं ताजं, हिनं भोगायला लावलं होतं. का, तर हिला एक आकडा पुसवत नव्हता म्हणून.

"दादा, बसा," ती म्हणाली. "माझी चूक झाली. मारावहिनींना जाऊन दहा वर्षं झाली. तुम्ही रडला होतात. चाळीस दिवसांचे गहूही वाटले होतेत. मी खाल्लेत ते."

वाडगा धरूनच त्सांको स्टुलावर बसला. "वाटले होते?"

"मनुका घालून. वर साखरेनं क्रूस काढला होतात."

"मग बरं," तो हळूच म्हणाला. त्यानं डोळे पुसले. "मला वाटलं, मी तिला तसंच जाऊ दिलं."

वेलिच्का उठून मशीनसमोर बसली. पडद्यावर आकडा होता वजा दोनशे त्रेचाळीस. तिनं तारखेची चौकट उघडली. दिवस टाकला, महिना टाकला. वर्षावर आल्यावर तिनं मान वळवली. खुर्चीवर कोट होता, टेबलावर डॉक्टरचा नंबर होता. "आसेन, मी नाही नेऊ शकले रे तुला," ती म्हणाली. त्सांको ऐकत होता, पण तिला त्याची लाज वाटली नाही. तिनं वर्ष टाकलं आणि बटण दाबलं.

आकडा बदलला. तीन हजार सहाशे त्रेपन्न. छपाईयंत्र घरघरलं आणि एकच कागद बाहेर आला, कारण त्या दिवशी बारा नोव्हेंबर होती. आसेनच्या जाण्याची ही तारीख तिला माहीत होती. ती नजरेला पडू नये म्हणूनच तर तिनं मार्च धरून ठेवला होता. फोटोतला आसेन कॅमेऱ्याकडे न बघता बाजूला कुणाकडे तरी बघून हसत होता. ते कुणीतरी म्हणजे ती. खाली लिहिलेलं होतं, दहा वर्षं.

तिनं गोंदाचा डबा घेतला, बाहेर गेली आणि दुकानाच्या दारावर तो कागद चारी कोपरे दाबून डकवला. त्सांको मागोमाग आला, चष्मा सावरून त्यानं शेवटपर्यंत वाचलं.

"आसेन गेला?" तो म्हणाला. "मला कुणी सांगितलंच नाही."

"मी कुणालाच सांगितलं नव्हतं, दादा."

त्यानं वाडग्यावरचं फडकं काढलं आणि चमचाभर गहू तिच्या ओंजळीत घातले. मग स्वतःच्या तळहातावर थोडे घेतले.

"देव आसेनला क्षमा करो," तो रीतीप्रमाणे म्हणाला.

साखर खरंच कमी पडली होती. वेलिच्कानं सगळे गहू खाल्ले.