दोन मुठी गहू

खाज या शब्दाला आपल्याकडे कोणी मान देत नाही. एखाद्याला चिडवायचं असलं की "लई खाज आहे का रे तुले?" म्हणतात आणि हसतात. मला सहा वर्षं खाज आहे आणि त्यात हसण्यासारखं अजून तरी काही सापडलेलं नाही. कोपरांवर, गुडघ्यांवर, पाठीवर, डोक्यात केसांच्या मुळाशी बारीक पाण्याचे फोड येतात. आधी जळजळ, मग खाज, मग रक्त. मी अकोल्यात पाचवीला गणित शिकवते. फळ्यावर लिहिताना कोपर दिसू नये म्हणून भर एप्रिलात पूर्ण बाह्यांचे ब्लाउज घालते. अकोल्याचा एप्रिल ज्याने पाहिलाय त्याला मी वेगळं काय सांगू!

पहिली पाच वर्षं कोणी खरूज म्हणालं, कोणी गजकर्ण, कोणी उष्णता. एका डॉक्टरने तर मला बाजूला ठेवून नवऱ्याला विचारलं, "घरी काही वाद वगैरे?" शेवटी अमरावतीच्या एका डॉक्टर बाईंनी कातडीचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला. दुखणं कातडीवर दिसत असलं तरी मूळ पोटात आहे, गव्हातलं ग्लुटेन मला चालत नाही, असं त्यांनी सांगितलं. पोळी, रवा, मैदा, सगळं कायमचं बंद. खाज थांबायला एक गोळी, आणि गहू पुरता सुटला की ती गोळीही हळूहळू कमी करू म्हणाल्या.

ती गोळी महारोगालाही देतात. हे मला औषधाच्या दुकानदाराने सांगितलं, चार गिऱ्हाइकांच्या देखत. "महारोगाची आहे न हे? कोणासाठी पायजे?" "माझ्यासाठी," मी म्हणाले. शेजारची बाई दोन पावलं सरकली. महारोग असता तरी सरकायचं काही कारण नव्हतं, हे तिला तिथल्या तिथे सुनावायला हवं होतं. मी मात्र पैसे मोजले आणि गोळ्या पर्समध्ये टाकल्या. त्या बाईचा मला अजून राग येतो, आणि माझाही.

गहू सोडणं मात्र जड गेलं नाही. वऱ्हाडात ज्वारीला काय तोटा? आई अमरावतीला एकटी राहते. तिने ऐकल्या ऐकल्या जबाबदारी अंगावर घेतली. दर महिन्याला ज्वारी निवडायची, चक्कीवरून दळून आणायची आणि डबा भरून ठेवायची. नवरा तिथून जवळच बडनेऱ्याला रेल्वेत आहे, घरी येताना तो डबा घेऊन यायचा. चक्कीवाल्याला ज्वारीवरच ज्वारी दळायला लावते, गव्हावर नाही, असंही तिने मला फोनवर सांगितलं होतं. मी निर्धास्त होते.

वर्ष उलटलं. गोळी जरा कमी केली की आठवड्यात फोड हजर. डॉक्टर बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "खरं सांगा, चोरून खाता का?" वर्गात मी पोरांना ज्या आवाजात विचारते, अगदी त्याच आवाजात. मी त्रेचाळीस वर्षांची आहे. लग्नांच्या पंगतीत मी नुसता भात खाऊन उठले होते, शाळेत केक आला की पाठ फिरवली होती, हिंगाच्या डबीत गव्हाचं पीठ असतं म्हणून फोडणीतला हिंगसुद्धा काढला होता. आणि परतीच्या गाडीत नवरा म्हणतो, "एखाद्या वेळी खाल्लं असशील तर सांग न. मी काय मारतो का तुले?" त्या दिवशी मी त्याच्याशी कामापुरतंही बोलले नाही. गोळी वाढवावी लागेल असं बाई म्हणाल्या होत्या, आणि त्या गोळीने माझं रक्त आधीच कमी झालं होतं.

पुढच्या रविवारी आईकडे गेले. तिचे गुडघे दुखत होते म्हणून दळणाचा डबा मी उचलला, ती सोबत आली. चक्कीवर झाकण काढलं, तर पांढऱ्याशुभ्र ज्वारीत तांबूस गहू.

"आई, हे काय?"

"दोनच मुठी टाकतो वं. निस्ती ज्वारी कशी धाडू लेकीले? तेवढ्यानं काय होते?"

ही बाई तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होती. पथ्य मोडणाऱ्या पेशंटांना फाडून खायची. मी तिथेच, चक्कीवाल्यासमोर, रांगेतल्या बायकांसमोर ओरडले. "दर महिन्याले? वर्षभर? अन् मले लोक चोर म्हणून राहिले!" चक्कीवाल्याने पट्टा थांबवला. आई रांगेतल्या बायकांकडे बघून कसनुशी हसली, त्याने मी आणखी भडकले.

घरी आल्यावर ती बोलली. तिचे आईबाप दुसऱ्याच्या वावरात राबायचे आणि मजुरी ज्वारीत मिळायची. गहू मालकाच्या घरी. नोकरी लागल्यावर तिने आधी गव्हाचं पोतं घरात आणलं आणि त्यानंतर आमच्याकडे बाराही महिने पोळी झाली. हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे, त्याचा मला अभिमानही आहे. "मी भाकर खाऊन दिवस काढले म्हून तूबी तेच खायचं काय?" ती म्हणाली. "मले नाई पाहवत."

"तुले नाही पाहवत," मी म्हणाले, "म्हणून तू माझी कातडी सोलली."

मी तिच्याकडे पाठ केली आणि ब्लाउज वर केला. वर्षभर तिला मी पाठ दाखवली नव्हती, उगाच जिवाला घोर नको म्हणून. तिने चष्मा लावला. ताप बघतात तसा हाताचा मागचा भाग माझ्या पाठीला लावला, मग काढून घेतला.

"हे माह्या पिठानं झालं?"

मी नाही म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. मला ते कळत होतं.

"हो," मी म्हणाले.

तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा हो म्हणाले.